कमी वयात एमबीएचा अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा पदवीच्या शेवटच्या वर्षातली किंवा नोकरीचे पहिले-दुसरे वर्ष मोजणारी मुले-मुली विचारतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते: विद्यापीठाचे सुवर्णपदक, स्वतः तयार केलेले एखादे ॲप, घरच्या धंद्यात घालवलेल्या सुट्ट्या, महाविद्यालयाच्या महोत्सवाची जबाबदारी. अडचण असते ती वयाची, निदान त्यांना तसे वाटते. गेली काही वर्षे असे अर्ज वाचताना आणि पुन्हा पुन्हा लिहून घेताना माझे मत असे झाले आहे की, निवड समिती वयापाशी फारशी अडत नाही, ती "आत्ताच का?" या प्रश्नापाशी अडते, आणि त्याचे उत्तर बहुतेक अर्जांत शोधूनही सापडत नाही. शुल्क, मुदती आणि निबंधांचे विषय दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची माहिती वाचावीच.

मी २१ वर्षांचा आहे. केवळ वय कमी म्हणून अर्ज बाद होतो का?

नाही. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हार्टन यांसारख्या संस्था किमान वयाची अट घालत नाहीत. तरीही हार्वर्डच्या वर्गाचे सरासरी वय २७ च्या आसपास असते आणि बहुतेकांनी पाचएक वर्षे नोकरी केलेली असते, ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाही. तेथील शिक्षण केस पद्धतीचे आहे. सुमारे ९० जणांच्या तुकडीत प्राध्यापक एखाद्या कंपनीपुढचा पेच मांडतात, आणि पुढचा दीड तास विद्यार्थीच एकमेकांना शिकवतात. त्या वर्गात कारखान्यातला संप हाताळलेला अभियंता असतो, लष्करातून आलेला अधिकारी असतो, बँकेत कर्जप्रकरणे नाकारलेली मुलगी असते. तुम्ही हात वर केल्यावर स्वतःच्या अनुभवातले काय बोलाल, हे निवड समितीला अर्जातूनच ताडायचे असते. वय कमी असणे हा दोष नाही, पण बोलायला काही नसणे हा आहे.

डिफर्ड प्रवेश म्हणजे नेमके काय?

पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना अर्ज करायचा, निवड झाली तर जागा पक्की करायची, मग काही वर्षे नोकरी किंवा स्वतःचा उद्योग करायचा आणि त्यानंतर एमबीएच्या वर्गात जाऊन बसायचे, अशी ही व्यवस्था आहे. हार्वर्डने २००७ मध्ये जाहीर केलेला 'टू प्लस टू' हा तिचा सर्वांत परिचित नमुना; त्यात प्रवेश मिळाल्यानंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षे काम करावे लागते. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. व्हार्टनचा मोएलिस ॲडव्हान्स ॲक्सेस, शिकागो बूथचा स्कॉलर्स कार्यक्रम, एमआयटी स्लोनचे अर्ली ॲडमिशन, केलॉगचा फ्यूचर लीडर्स, बर्कलीच्या हासचा ॲक्सिलरेटेड ॲक्सेस, कोलंबियाचा डिफर्ड कार्यक्रम, आणि स्टॅनफर्डमध्ये नेहमीच्याच अर्जातला डिफर्ड पर्याय. मधल्या वर्षांची मुभा बऱ्याच ठिकाणी दोन ते पाच वर्षांची आहे. अर्जाची मुदत सहसा एप्रिलच्या आसपास येते, म्हणजे आपल्याकडच्या शेवटच्या सत्राच्या परीक्षा, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा ऐन भरात असतात तेव्हा. याचा हिशेब डिसेंबरातच करून ठेवावा.

येलचा सिल्व्हर स्कॉलर्स कार्यक्रम यांपासून वेगळा आहे. त्यात पदवीनंतर लगेच एमबीएचे पहिले वर्ष सुरू होते, मग पूर्णवेळ कामाचा टप्पा येतो आणि त्यानंतर शेवटच्या वर्षासाठी परत यायचे असते. नोकरीच्या आधी वर्गात बसण्याची खरोखर तयारी असलेल्यांसाठीच तो योग्य आहे, आणि तशी मुले मी फार थोडी पाहिली आहेत.

एक अट मात्र दर वर्षी कुणाला ना कुणाला नडते. टू प्लस टू हा शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी, किंवा पदवीनंतर खंड न पडता पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. मे महिन्यात बीई झालात, ऑगस्टात हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत पूर्णवेळ रुजू झालात आणि "पुढच्या एप्रिलला भरू" असे ठरवलेत, तर तो दरवाजा तोवर बंद झालेला असतो. इतर संस्थांचे नियमही थोड्याफार फरकाने याच धाटणीचे आहेत.

मग मी नोकरीला लागून एक वर्ष झाले आहे, माझे काय?

तुम्ही सर्वांत अवघड टप्प्यावर आहात, हे आधीच सांगितलेले बरे. डिफर्डची वेळ गेली आणि नेहमीच्या अर्जासाठी अनुभव तोकडा. नियम आडवा येत नसला तरी तुमची तुलना चार-पाच वर्षे काम केलेल्यांशी होईल, आणि एका वर्षात कुणाच्या हातात स्वतंत्र निर्णय फारसे दिले जात नाहीत. भारतात एक वर्षाच्या कार्यक्रमांच्या अटी तर लेखीच आहेत: हैदराबाद आणि मोहालीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या, म्हणजे आयएसबीच्या, मुख्य पीजीपीसाठी २४ महिन्यांचा अनुभव धरला जातो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्ससाठी चार वर्षांचा, तर आयआयएम बेंगळुरूच्या ईपीजीपीसाठी पाच वर्षांचा. आयएसबीने त्याहून कमी अनुभव असलेल्यांसाठी अलीकडे यंग लीडर्स हा वेगळा कार्यक्रम सुरू केला आहे, तो अवश्य पाहावा.

युरोपात याच वयासाठी मास्टर्स इन मॅनेजमेंट असते. पॅरिसची एचईसी, लंडन बिझनेस स्कूल, स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन, आणि २०२० पासून इन्सियाड हे अभ्यासक्रम चालवतात. तिथे कमी अनुभव ही उणीव धरली जात नाही. वर्गच त्या वयाचा असतो. मात्र ती एमबीए नाही, आणि पुढे कधीतरी एमबीए करायची तर पुन्हा खर्च आला. माझा सल्ला विचाराल तर, कंपनी तुम्हाला खरे काम देत असेल तर अजून दोन वर्षे थांबा, आणि देत नसेल तर एमबीएच्या आधी कंपनी बदला.

भारतातील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना हाच विचार लागू होतो का?

बराचसा उलटा लागू होतो. आयआयएमचा दोन वर्षांचा मुख्य अभ्यासक्रम नवपदवीधरांना पहिल्यापासून खुला आहे. वर्गातल्या पुष्कळांना शून्य ते तीन वर्षांचा अनुभव असतो. त्यामुळे २२ व्या वर्षी तिथे कुणी लहान ठरत नाही. अडचण वेगळीच आहे. मुलाखतीचे बोलावणे कॅट या प्रवेश परीक्षेचे गुण, दहावी-बारावीचे गुण, पदवीचे गुण आणि प्रत्येक संस्थेचे स्वतःचे सूत्र यांवर ठरते, आणि तुमचे ॲप किंवा तुमची संस्था त्या सूत्रात सहसा बसत नाही. कर्तृत्व दाखवायचे तर आधी तो उंबरठा ओलांडावा लागतो. कॅट सहसा नोव्हेंबरच्या शेवटी होते, १२० मिनिटांची आणि तीन विभागांची असते, आणि तिचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात.

महाराष्ट्रातले दोन पर्याय इथे सांगितलेच पाहिजेत. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने स्थापन केलेली जमनालाल बजाज संस्था राज्याच्या सीईटीतून प्रवेश देते आणि तिचे शुल्क आयआयएमच्या मानाने खूपच कमी आहे. अंधेरीची एसपी जैन संस्था उमेदवाराच्या एकूण वाटचालीला वजन देणारी म्हणून ओळखली जाते, तेव्हा गुण बरे आणि काम जास्त चांगले असलेल्यांनी तिच्या अर्जावर जास्त वेळ द्यावा.

'कर्तृत्व' म्हणून नेमके काय धरले जाते?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण हुशार मुले इथेच चुकतात. त्यांच्यापाशी यादी तयार असते: अमुक हॅकेथॉनमध्ये पहिला, तमुक समितीचा सचिव, तीन इंटर्नशिप, पाच प्रमाणपत्रे. जगभरातून येणाऱ्या हजारो अर्जांत अशी यादी प्रत्येकापाशी असते. वाचणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: तुमच्यामुळे काय बदलले, आणि तुम्ही तिथून गेल्यावर ते टिकले का.

एक उदाहरण देते. तासगावकडची एक मुलगी, घरचे बेदाण्याचे शीतगृह. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात तिने लिहिले होते की, तिने कुटुंबाच्या व्यवसायाचे डिजिटल रूपांतर केले. वाक्य भारदस्त होते, पण मला त्यातून काहीच दिसेना. मग तिला विचारले, "त्या दिवशी गोडाउनमध्ये नेमके काय झाले?" तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. दोन शेतकऱ्यांची खोकी एकमेकांत मिसळली होती, सौदा लागायच्या आदल्या रात्री. कुणाचा माल कुठल्या खोलीत आहे, हे फक्त दिवाणजींच्या वहीत होते, आणि दिवाणजी लग्नाला गेले होते. त्यानंतर तिने दोन महिने खपून मोबाइलवर नोंद ठेवणारी प्रणाली तयार केली, आणि ती कुणीही वापरली नाही. हमालांचे हात ओले, बोटे थंडीने आखडलेली, आणि आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. शेवटी तिने तो नाद सोडला, प्रत्येक शेतकऱ्याला एक रंग ठरवून दिला, खोक्यांवर त्या रंगाची पट्टी चिकटवली आणि भिंतीवर रंगांचा तक्ता टांगला. पुढच्या हंगामात ती पुण्याला वसतिगृहात होती, तरीही तक्ता चालू राहिला. दिवाणजींनी त्यात स्वतःच्या मनाने दोन रंग वाढवले.

आता यात काय आहे ते पाहा. फसलेला प्रयत्न आहे, तो का फसला याची समज आहे, आपण दोन महिने खपून केलेले काम टाकून देण्याची तयारी आहे, आणि शेवटी दुसऱ्या माणसाने ते आपले मानून पुढे नेले आहे. बावीस वर्षांच्या मुलीकडून निवड समितीला यापेक्षा जास्त काय हवे असते, ते मला तरी माहीत नाही. "डिजिटल रूपांतर" या दोन शब्दांनी हे सगळे झाकून टाकले होते.

हाच विचार नाटकवाल्यांना, ढोलपथकवाल्यांना, गणेश मंडळाच्या खजिनदारांना लागू आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवताना तुम्ही वीस-बावीस जणांकडून, कुणालाही एक रुपया न देता, तीन महिने रोज रात्री काम करून घेता. पगार, बढती, दंड यांपैकी काहीही हाती नसताना माणसे कशी टिकवली, प्रमुख भूमिकेतल्या मुलाला आठवडाभर आधी का बदलले, आणि बदलल्यावर तो तालमीला येत राहिला की निघून गेला, हे लिहा. ही मुले अर्जात फक्त "सांस्कृतिक उपक्रमांत सहभाग" एवढेच लिहितात आणि मग अनुभव नाही म्हणून हळहळतात.

घरचा धंदा असल्याचे सांगावे की लपवावे?

सांगावे, पण तुमचे काम आणि वडिलांचे काम वेगळे करून सांगावे. "आमची उलाढाल इतक्या कोटींची" हे वडिलांचे कर्तृत्व झाले. घरच्या धंद्यात तुमच्या शब्दाला "नाही" म्हणणारे कोण होते आणि त्यांना तुम्ही कसे पटवले, हे तुमचे. काका-वडिलांशी मतभेद झाला असेल तर तोही संयमाने लिहिता येतो. आणि "पुढे परत धंद्यातच जायचे तर एमबीए कशाला?" हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, त्याचे उत्तर आधी घरी देऊन पाहावे. घरचे जास्त कठोर परीक्षक असतात.

निबंध कसा लिहावा?

स्टॅनफर्ड बरीच वर्षे एकच प्रश्न विचारत आली आहे: तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते आणि का? त्याच्या जोडीला स्टॅनफर्डच का, हा दुसरा प्रश्न असतो. हार्वर्डने २०२४ पासून नेहमीच्या अर्जात तीन छोटे निबंध ठेवले आहेत, एक व्यवसायाच्या दृष्टीबद्दल, एक नेतृत्वाबद्दल आणि एक जिज्ञासा व वाढीबद्दल. शब्दमर्यादा तीनशेच्या आत. इतक्या जागेत प्रस्तावना करत बसायला वाव नसतो.

आपल्याकडच्या मसुद्यांत काही सवयी ठरलेल्या आहेत. शाळेतल्या निबंधासारखी सुभाषिताने सुरुवात होते. दुसऱ्या परिच्छेदात आई-वडिलांचे कष्ट येतात, ते खरे असतात, पण त्यात तुम्ही कुठे असता? काही मसुद्यांत छत्रपती शिवाजी महाराजांच्या नेतृत्वावर निम्मे शब्द खर्च झालेले असतात. महाराजांविषयी पूर्ण आदर ठेवूनच सांगते की, अर्ज तुमचा आहे आणि समितीला तुमच्याविषयी वाचायचे आहे. मोठ्या माणसांची उदाहरणे काढून टाकल्यावर निबंधात जे उरते, तिथून लिहायला सुरुवात करावी.

"आत्ताच का?" याचे उत्तरही याच निबंधांतून द्यायचे असते, आणि डिफर्ड अर्जात त्याचे रूप थोडे बदलते: आज जागा पक्की झाली तर मधल्या दोन-चार वर्षांत तुम्ही असे काय कराल, जे एरवी करायला धजावला नसता? एका मुलाने लिहिले होते की, जागा हातात असेल तर तो सल्लागार कंपनीतली नोकरी न घेता विदर्भातल्या एका सूतगिरणीत उत्पादन विभागात जाईल. हे उत्तर मला पटले, कारण त्यात एका निवडीची किंमत दिसत होती. केवळ "लवकर शिकलो तर लवकर पुढे जाईन" या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी पहिला मसुदा खुशाल मराठीत लिहावा. प्रसंग नेमका आठवतो, आणि जड इंग्रजी शब्दांच्या आड लपता येत नाही.

सर म्हणतात, "शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो." काय करू?

आपल्या महाविद्यालयांत हे सर्रास चालते, आणि सरांचा त्यात काही वाईट हेतू नसतो. साठ-सत्तर मुलांची पत्रे लिहायला त्यांना वेळच नसतो. पण परदेशी संस्थांच्या नियमांत हे बसत नाही. पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहायचे आणि त्याच्याकडे थेट आलेल्या दुव्यावरून सादर करायचे असते. उमेदवाराने ते लिहिल्याचे उघड झाले तर प्रवेश रद्दही होऊ शकतो. शिवाय स्वतः लिहिलेले पत्र वाचणाऱ्याच्या लक्षात येते, कारण निबंधातली आणि पत्रातली वाक्ये एकाच हातची वाटतात.

यावर एक उपाय आहे. सरांना पत्राचा मसुदा देऊ नका, आठवणींचे एक पान द्या. कुठल्या सत्रात तुम्ही त्यांच्याकडे कुठला प्रकल्प केला, कुठे चुकलात, त्यांनी काय सुनावले, त्यावर तुम्ही काय केले, एवढेच तारखांसह. अनेक संस्था एक सामाईक नमुना वापरतात, त्यात दोन प्रश्न ठळक असतात: समवयस्कांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे, आणि तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती व ती त्याने कशी घेतली? दुसऱ्या प्रश्नाला "याच्यात काही दोष नाही" असे उत्तर आपल्याकडचे प्राध्यापक प्रेमाने लिहितात, आणि त्याने नुकसान होते. हे सरांना नम्रपणे आधीच सांगावे. प्राचार्यांच्या किंवा ओळखीच्या आमदारांच्या पत्रापेक्षा, इंटर्नशिपमध्ये रोज तुमच्याबरोबर काम केलेल्या तिशीतल्या व्यवस्थापकाचे पत्र कितीतरी मोलाचे असते.

गुणपत्रिकेत केटी आहे. संपले का सगळे?

एका केटीने काही संपत नाही. पहिल्या वर्षात गणित राहिले आणि पुढे आलेख चढता असेल तर अर्जातल्या अतिरिक्त माहितीच्या जागेत दोन-तीन सरळ वाक्ये लिहावीत: काय झाले, का झाले, नंतर काय केले. परीक्षा विभागाला, पेपर तपासणाऱ्याला दोष देऊ नये. तो खरा असला तरी. दहापैकी असलेला सीजीपीए स्वतःच्या मनाने चारच्या मापात बदलू नये, गुणपत्रिकेवर आहे तसाच लिहावा.

तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएस्सी चालते का, हे संस्थेगणिक ठरते. हार्वर्ड तीन वर्षांची पदवी स्वीकारते. काही संस्था चार वर्षांच्या पदवीचा किंवा त्यावरच्या शिक्षणाचा आग्रह धरतात. ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

जीमॅट द्यावी की जीआरई?

एमबीए प्रवेशासाठी या दोन्ही परीक्षा चालतात, आणि दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. जीमॅट नव्या रूपात सव्वादोन तासांची आहे: प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग, एकूण ६४ प्रश्न, गुणांची पट्टी २०५ ते ८०५. जुन्या पट्टीवरचे ७०० आता साधारण ६४५ च्या आसपास येतात, तेव्हा मोठ्या भावाच्या गुणांशी तुलना करून खचू नये. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत परीक्षा आटोपून घेतलेली बरी. भारतातून, त्यातही अभियांत्रिकीतून येणाऱ्या अर्जांची गर्दी असते म्हणून गुण चांगले हवेत, पण एकदा ते संस्थेच्या नेहमीच्या टप्प्यात आले की आणखी दहा-वीस गुणांसाठी तिसऱ्यांदा परीक्षा देण्यापेक्षा तो महिना निबंधांना द्यावा.

मुलाखतीत काय विचारतात?

हार्वर्डची मुलाखत निमंत्रण आलेल्यांचीच होते, सुमारे अर्धा तास चालते आणि घेणाऱ्याने तुमचा अर्ज पूर्ण वाचलेला असतो. व्हार्टनमध्ये उमेदवारांची गटचर्चा घेतात. तरुण उमेदवारांचे सर्वांत जास्त नुकसान पाठ केलेल्या उत्तरांमुळे होते. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मुलांना मी आवर्जून सांगते की, समोरच्याने मध्येच थांबवले तर बरे मानावे. इंग्रजीच्या उच्चारांची चिंता करू नये. सावकाश आणि पूर्ण वाक्यांत बोलले की पुरते. "माझ्याकडे त्याचा अनुभव नाही" हे वाक्य बावीसाव्या वर्षी शोभते, ते वापरायला घाबरू नये.

खर्च कसा उभा करायचा?

अमेरिकेतील आघाडीच्या संस्थांत शुल्क आणि राहण्याचा मिळून एकट्या विद्यार्थ्याचा एका वर्षाचा खर्च १ लाख डॉलरच्या वर जातो. हार्वर्डची मदत फक्त आर्थिक गरजेवर ठरते, हुशारीवर नाही. त्यामुळे सुवर्णपदक दाखवून तिथे सवलत मिळत नाही, पण बचत नसलेल्या तरुण उमेदवाराला याचा फायदाच होतो. स्टॅनफर्डमध्ये भारतीयांसाठी रिलायन्स धीरूभाई फेलोशिप आहे, शिक्षणानंतर भारतात परत येऊन काही काळ काम करण्याची अट तिला जोडलेली आहे. मुंबईचे जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्टची शिष्यवृत्ती बिनव्याजी कर्जाच्या स्वरूपाची आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आली की मुदत भराभर सरते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवावे.

डिफर्ड प्रवेशाचा इथे एक लाभ आहे. मधल्या वर्षांत थोडी बचत होते आणि बँकेपुढे पगाराची पावती ठेवता येते. घर गहाण ठेवण्याचा निर्णय मात्र आई-वडिलांसमोर कागदावर हप्ता मांडून, नोकरी अमेरिकेत मिळाली तर आणि भारतात मिळाली तर असे दोन्ही हिशेब करूनच घ्यावा. पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याची मुभा मूळ १२ महिन्यांची असते आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी २४ महिने मिळतात. पण हे नियम तुमचा प्रवेश आणि तुमची पदवी यांच्यामधल्या पाच-सहा वर्षांत बदलू शकतात.

घरचे म्हणतात, "आधी नोकरी कर, मग बघू." आणि मुलीच्या बाबतीत, "मग लग्नाचे कधी?"

डिफर्ड अर्ज हा या वादात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना पटतो, कारण नोकरी तर करायचीच असते. लग्नाविषयी मी घरच्यांना एवढेच सांगते की, मुलीच्या हातात दोन-चार वर्षांनंतरची एक पक्की तारीख असेल तर स्थळाशी बोलणेही स्पष्ट होते. एका आईने मला यावर चहा पाजला होता, एका आईने फोन ठेवून दिला होता.

नकार आला तर पुढे पुन्हा अर्ज करता येतो का?

येतो. डिफर्डमध्ये नकार मिळालेला उमेदवार काही वर्षांनी नेहमीच्या फेरीत अर्ज करू शकतो, आणि आधीचा नकार त्याच्याविरुद्ध धरला जात नाही. हार्वर्डच्या टू प्लस टूचे अर्जशुल्क अलीकडच्या वर्षांत १०० डॉलर राहिले आहे, तर नेहमीच्या अर्जाचे २५०, त्यामुळे प्रयत्न करून पाहणे पैशाच्या दृष्टीनेही फार महागात पडत नाही. वेळ मात्र जातो, तेव्हा सहा ठिकाणी अर्ज पाठवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी नीट पाठवावेत.

तासगावच्या मुलीने दोन ठिकाणी अर्ज केला आणि दोन्हीकडून नकार आला. तिने शेतमालाच्या गोदामांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली, आता तिचे तिसरे वर्ष चालू आहे. येत्या सप्टेंबरच्या फेरीसाठी ती नवा अर्ज तयार करते आहे, आणि या वेळी शिफारसपत्रासाठी तिने आपल्या साहेबांच्या आधी गोदामाच्या व्यवस्थापकाला विचारले आहे.